मुलगी पडली की "जपून", मुलगा पडला की "उठ, काही नाही झालं"

गोदाकाठची

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज दोघं झोपलीयत तर लिहूनच टाकते. मला मुलगी 7 वर्षांची, दुसरीत आहे, आणि मुलगा साडेचार. आम्ही नाशिकला, इंदिरानगरला राहतो. रविवारी सकाळी दोघांना घेऊन जॉगिंग ट्रॅकवर जायची सवय आहे, मी दोन चकरा मारते तोवर ती तिथेच मातीत खेळतात.

मागच्या रविवारी दोघंही पडली. अर्ध्या तासाच्या अंतराने, जवळजवळ एकाच जागी, तिथे झाडाचं मूळ वर आलंय. आधी मुलगी पडली. मी धावत गेले, उचललं, फ्रॉक झटकला, कोपराला फुंकर घातली आणि वर म्हटलं, सांगितलं होतं ना पळू नकोस म्हणून, जपून खेळावं. मग थोड्या वेळाने मुलगा पडला, त्याला खरं तर जास्त लागलं होतं, गुडघ्याची साल निघून रक्त आलं होतं. आणि मी लांबूनच ओरडले, उठ, काही नाही झालं, स्ट्राँग आहेस ना तू! तो उठला. ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी थरथरतेय, डोळे भरलेत पण एक थेंब खाली पडू दिला नाही त्याने. शेवटी ताईच गेली त्याच्याजवळ आणि गुडघ्यावर फुंकर घालत बसली.

रात्री अंथरुणात तो मला म्हणाला, तू ताईला फू केलंस, मला नाही केलंस.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. मी स्वतःला दोघांना सारखं वाढवणारी आई समजत होते. खेळणी एकत्र, दूध एकाच मापाचं, ओरडाही सारखाच. पण तोंडातून निघालेली वाक्यं बघा ना, एकीला सांगितलं पळू नकोस आणि एकाला सांगितलं रडू नकोस, आणि दोन्ही मी विचार न करता बोलले, माझी आई माझ्याशी आणि दादाशी बोलायची अगदी त्याच सुरात.

अजून एक. मुलीला वस्तू गोळा करायचा नाद आहे, चिंचोके, गुलमोहराच्या शेंगा, गुळगुळीत दगड. तिच्या एकाही फ्रॉकला खिसा नाही. लेगिंगला नाही, जीन्सला आहेत ते नुसते शिवण मारलेले, बोट आत जात नाही. त्यामुळे ती सगळा ऐवज भावाच्या चड्डीच्या खिशात ठेवते आणि मग घरी येऊन भांडणं, कारण तो म्हणतो माझ्या खिशातलं माझं. त्याच्या अडीच वर्षांच्या मापाच्या पँटलासुद्धा चार खिसे होते हो!

तर मला विचारायचंय, मुलगा आणि मुलगी वाढताना जन्मतःच वेगळं किती असतं आणि आपण भरतो ते किती? ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी प्लीज लिहा.

जुळ्यांची_आई

अगं अगदी जिव्हाळ्याचा विषय काढलास. माझी जुळी आहेत, एक मुलगी एक मुलगा, आता 6 वर्षांची. एकाच दिवशी जन्मलेली, एकच घर, एकच आजी, तरी दोघं दोन टोकं. ती आधी बोलली, तो आधी चढायला शिकला. ती तासभर एका जागी बसून मणी ओवते, तो डाळीचे डबे एकावर एक रचून पाडतो. मग मलाही वाटायचं की हे रक्तातच असतं.

पण एक गोष्ट सांगते, ती वाचून कुणाला तरी उपयोग झाला तर बरं. पोरगी दीड वर्षाची असताना "मम्मं दे", "बाबा आला" असं जोडून बोलायची. पोरगा दोन वर्षांचा झाला तरी दोन शब्द जोडेना. सासरी माहेरी सगळे एकच म्हणायचे, मुलगे उशिराच बोलतात, त्याचे काका चार वर्षांचे होईतो बोलले नव्हते, आणि त्यात जुळा. ज्यांना दाखवत होतो त्या डॉक्टरांनीही एवढंच सांगितलं की मुलगा आहे, वाट बघा. आम्ही बघितली. सव्वातीन वर्षांचा होईपर्यंत बघितली.

मग एकदा भांडी पडली. मोठ्ठा आवाज झाला, पोरगी दचकून रडायला लागली आणि हा पाठ करून खेळतच राहिला. त्या क्षणी पोटात गोळा आला. दुसरीकडे नेलं, कान तपासले, तर दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचलेलं. सारखी सर्दी असायची त्याला, त्यातून झालेलं. त्याला सगळं पाण्याखाली असल्यासारखं ऐकू येत होतं, म्हणजे तो बोलणार काय आणि कुणाचं ऐकून! उपचार झाले, स्पीच थेरपी झाली, आता घरात त्याचंच तोंड सगळ्यात जास्त चालतं. पण ते सव्वा वर्ष गेलं ते गेलंच. मुलगी अशी गप्प राहिली असती तर आम्ही दुसऱ्या महिन्यात धावलो असतो. "मुलगे असेच असतात" या वाक्याने माझ्या मुलाचे कान झाकले, मला तरी तसंच वाटतं.

सातपूरकर

सर्वांच्या मताचा आदर आहे पण थोडं वेगळं लिहितो. मला दोन मुलगे, बहिणीला दोन मुली, आमची दारं समोरासमोर त्यामुळे चारही पोरं एकत्रच वाढली. कुणी काही शिकवलं नाही तरी माझी पोरं काठी दिसली की तलवार करायची आणि भाच्या त्याच काठीला ओढणी गुंडाळून बाहुली करायच्या. हे डोळ्यांनी बघितलंय. पोरांच्या अंगात एक जोर असतो तो बाहेर काढावा लागतो, संध्याकाळी ग्राउंडवर नेलं नाही तर रात्री घरात धिंगाणा. आणि पडल्यावर "उठ" म्हणणं यात मला काही चूक दिसत नाही. माझा बाप मला तसंच म्हणायचा, मी अंबडला कंपनीत तीन पाळ्यांत 22 वर्षं काढली, ते "उठ" कामाला आलं. सगळंच सारखं करायच्या नादात मुलगा मुलगा राहू नये आणि मुलगी मुलगी राहू नये असं होऊ नये एवढंच.

बाळांचा_डॉक्टर

नाव लिहीत नाही, शहरात बरीच वर्षं लहान मुलं तपासतोय. सातपूरकर, तुम्ही बघितलंत ते खोटं नाही. फरक असतात. फक्त कुठला किती ते नीट बघायला हवं.

जन्मापासूनचं सांगतो. निसर्गतः 100 मुलींमागे साधारण 105 मुलगे जन्मतात. मुलगे जन्मतः सरासरी थोडे वजनदार असतात, पण पहिल्या वर्षात नाजूक तेच जास्त, कमी दिवसांचं बाळ असेल तर मुलींची तग धरण्याची ताकद जास्त दिसते. घरात मात्र उलटं बोललं जातं, पोरगा आहे, दणकट आहे. वाढीचे तक्तेही वेगळे असतात, जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली जे काढले त्यात मुलींचा वेगळा आणि मुलांचा वेगळा, म्हणून तुमच्या फाइलमध्ये योग्य कागद लावलाय ना ते बघत जा.

बोलणं मुली सरासरी थोडं आधी सुरू करतात, शी-शूची सवयही थोडी आधी लागते. पण हा फरक महिन्यांचा असतो, वर्षांचा नाही, आणि दोन मुलींमधला फरक हा मुलगी आणि मुलगा यांच्यातल्या सरासरी फरकापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. जुळ्यांच्या आईंनी लिहिलंय त्याला हात जोडून दुजोरा देतो. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही किंवा दोन वर्षांला दोन शब्द जोडत नाही, तर मुलगा असो मुलगी असो, कान तपासा आणि दाखवून घ्या. थांबू नका.

अंगातल्या ताकदीचं म्हणाल तर दहा-अकरा वर्षांपर्यंत पळण्यात, उड्या मारण्यात मोठं अंतर नसतं. ते पडतं वयात येताना, मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाढलं की. त्याच्या आधी उलट होतं, मुलींची उंची झपाट्याने वाढायचा काळ साधारण 11-12 ला येतो, मुलांचा त्यानंतर दोनेक वर्षांनी, म्हणून सहावी-सातवीच्या वर्गाचा फोटो बघा, मागच्या रांगेत मुली उभ्या असतात. तेव्हा मुलं घाबरतात, मी बुटका राहणार का डॉक्टर, असं हळूच विचारतात. त्यांना कुणी आधी सांगितलेलंच नसतं. मुलींना निदान आई सांगते.

एक सावध करतो. मुलीत 8 वर्षांच्या आधी आणि मुलात 9 च्या आधी वयात येण्याच्या खुणा दिसल्या तर लाजून घरी बसू नका, दाखवा.

आणि गोदाकाठची ताई, फुंकर घातल्याने मुलगा मऊ होत नाही. रडून घेतलेलं मूल लवकर खेळायला पळतं, हे मी रोज इंजेक्शनच्या खोलीत बघतो.

निफाडचे_काका

माझा नातू हे मोबाईलवर वाचून दाखवत होता, म्हटलं माझंबी लिही. आमची द्राक्षाची बाग आहे. मला एक पोरगी थोरली, पोरगं धाकटं.

पोरगी आठ-नऊ वर्षांची होती तवापासून बागेत यायची. थिनिंगला बाया लागायच्या तर ही त्यांच्यात घुसून घड विरळायला शिकली. कात्री तिच्या हातात अशी बसायची की मणी कुठला ठेवायचा आन कुठला काढायचा हे तिला सांगावं लागत नव्हतं. डिपिंगचं, म्हंजी घड बुडवायचं औषध किती पाण्यात किती हे वहीत लिहून ठेवायची. पोराला बागेचा कंटाळा, त्याला गाडीचा नाद. पण मी काय केलं, पोराला सांगत गेलो की बाग तुझी हाय, बघ जरा, आन पोरीला सांगत गेलो, ऊन लागतंय, काळी पडशील, घरी जा.

ती घरी गेली. आता लासलगावकडं दिली आहे, बरी आहे, तक्रार नाही. पण मागल्या साली आली होती, बागेत उभी राहिली, एक घड हातात घेतला न म्हणाली, दादा, हे थिनिंग उशिरा झालंय तुमचं. बरोबर होतं. मी काहीच बोललो नाही.

पोरगी आन पोरगं यात फरक काय असतो मला डॉक्टरासारखं सांगता यायचं नाही. पण हात कोणाचा चालतोय ते मला दिसत होतं. दिसून मी डोळे मिटले. आता नात आहे सहा वर्षांची, तिला कात्री दिली आहे. टोक बोथट करून.

गोदाकाठची

काका, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मुलीला हे सांगितलंत का कधी? नसेल तर सांगा हो, फोन करून सांगा.

डॉक्टर, खूप आभार. सहावी-सातवीचं हे मला माहीतच नव्हतं.

सातपूरकर दादा, तुमच्या वडिलांचं "उठ" तुम्हाला कामाला आलं यावर माझा विश्वास आहे. पण एक विचारू? तुम्हाला तेव्हा रडावंसं वाटायचं ना?

पेठची_बाई

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, पेठ तालुक्यात, नाशिकहून जाऊन येऊन करते. माझ्या वर्गात चौथीपर्यंत पळण्यात मुलीच पुढे. पाण्याचे हंडे, लाकूडफाटा, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन चढ चढणं, त्यांच्या पायात तेवढी ताकद येतेच. कविता राऊत याच भागातली, सावरपाड्याची. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला कांस्य, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, 2012 ला अर्जुन पुरस्कार. मी वर्गात तिचा फोटो लावलाय. पण पाचवी-सहावीनंतर मैदानावर मुली दिसत नाहीत. पळता येईना झालं म्हणून नाही, कुणीतरी म्हणतं आता मोठी झालीस.

दुसरं, ज्यावर कुणी बोलत नाही ते बोलते. मुली शाळेत पाणी पीत नाहीत. मुद्दाम. कारण बाथरूमला जायला नको. आधीच्या एका शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती, एक मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहायची. मुलगे भिंतीमागे जाऊन मोकळे होतात, या सकाळपासून दुपारपर्यंत दाबून बसतात. मग लघवीची जळजळ, पोटात दुखणं, ताप. मुलींना तसंही त्या जागी संसर्ग लवकर होतो कारण मूत्रमार्ग आखूड असतो, त्यात पाणी कमी. शहरातल्या आयांनो, मुलगी घरी आल्यावर तिची पाण्याची बाटली उघडून बघा. भरलेली असेल तर शाळेत जाऊन आधी बाथरूम बघून या.

आणि ज्या मुली वर्गात आलेल्याच नाहीत त्यांचं काय. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 0 ते 6 वयात 1000 मुलग्यांमागे 894 मुली होत्या, 2001 ला 913 होत्या. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा 1994 चा आहे. डॉक्टरांनी निसर्गाचा आकडा सांगितला, त्या हिशोबाने हजारामागे साडेनऊशेच्या आसपास हव्यात. बाकीच्या कुठे गेल्या? वाढण्यातले फरक पुढचे, आधी जन्मू तर देत.

एकटाच_बाबा

बायको गेल्यापासून मुलाला मीच सांभाळतो, तो आता नववीत आहे. इथे सगळं मुलींच्या काळजीचं येतंय ते बरोबरच आहे, मुलांच्या बाबतीतली एक गोष्ट सांगायची आहे.

तो आठ वर्षांचा असताना एका ओळखीच्या माणसाने त्याला त्रास दिला. जास्त लिहीत नाही. त्याने मला पाच महिने सांगितलं नाही. नंतर विचारलं का रे नाही बोललास, तर म्हणाला, शाळेत ताईंनी मुलींना वेगळं बसवून सांगितलं होतं कुणी हात लावला तर सांगायचं म्हणून, मुलांना खेळायला सोडलं होतं. त्याला वाटलं हे मुलांना होत नसतंच. म्हणजे त्याच्यातच काहीतरी बिघडलंय.

2007 साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांतली पाहणी प्रसिद्ध केली होती, त्यात लैंगिक त्रास झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून जास्त मुलगे होते. 2012 चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदाही मुलगा मुलगी असा भेद करत नाही, 18 च्या खालचं प्रत्येक मूल त्यात येतं. मुलग्यांना पण सांगा. मुलींना सांगता त्याच दिवशी, त्याच खोलीत बसवून सांगा.

आता तो बरा आहे. समुपदेशनाला वर्षभर नेलं. मी त्याला अजूनही झोपताना जवळ घेतो, नववीतला मुलगा आहे तरी. नातेवाईक म्हणतात आता पुरे. मी ऐकत नाही.

जुळ्यांची_आई

दादा, काय बोलू. ऐकूच नका त्यांचं. आज रात्रीच दोघांना समोर बसवते.

हिरवा_की_तपकिरी

छोटंसं. मला पहिलीत झाडाची पानं तपकिरी रंगवली म्हणून पट्टीचा मार बसला होता, मुलगे लक्षच देत नाहीत म्हणून. रंगांधळेपण आईकडून मुलग्यात येतं, मुलींमध्ये फार क्वचित, कारण तो दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलग्याकडे ते एकच. मला हे कळलं ड्रायव्हिंग लायसन्सच्या वेळी. मुलगा रंग चुकवत असेल तर आधी डोळे तपासा.

सातपूरकर

दोन दिवस उत्तर दिलं नाही, विचार करत होतो. ताई, तुम्ही विचारलंत रडावंसं वाटायचं का. वाटायचं. वडील गेले तेव्हा अमरधामला मी कोरडा उभा होतो, सगळे म्हणाले पोरगा खंबीर आहे. घरी आल्यावर गाडी पार्किंगला लावली आणि हेल्मेट न काढता रडलो. कुणाला दिसू नये म्हणून. हे पहिल्यांदाच कुठे लिहितोय.

पोरांचा दंगा वेगळा असतो हे माझं मत आहे तसंच आहे. काठीची तलवार होतेच. पण एकटाच बाबा, तुमचं वाचून काल रात्री मोठ्याजवळ जाऊन बसलो. बारा वर्षांचा आहे. काही बोललो नाही, नुसता डोक्यावरून हात फिरवला. आधी अंग आखडलं त्याने. मग तसाच झोपला.

गोदाकाठची

काल परत ट्रॅकवर गेलो होतो, तर सांगायला आले. मुलगा पडला नाही, पण त्या मुळाजवळ जाऊन मला गुडघा दाखवला, खपली धरलीय. मी खाली बसले आणि फुंकर घातली. तो म्हणाला, आता दुखत नाहीये. म्हटलं माहितीये, राहिली होती ती घातली.

आणि शनिवारी रविवार कारंज्याजवळ आमचे जुने शिंपी आहेत त्यांच्याकडे तिचे पाच फ्रॉक घेऊन गेले, खिसे लावून द्या म्हटलं. ते म्हणाले फ्रॉकचा घेर बिघडेल, पोरीच्या जातीला खिसा कशाला, रुमाल तर पिन करून लावता येतो. म्हटलं काका, बिघडू द्या, आणि खोल करा, मनगटापर्यंत हात गेला पाहिजे. त्यांनी आतून जाड मांजरपाट लावून दिलाय.

आज सकाळी मशीनमधून खडखड आवाज यायला लागला म्हणून मध्येच बंद करून बघितलं. फ्रॉकच्या खिशात अकरा चिंचोके, एक बांगडीचा तुकडा, पेन्सिलीचं टोक आणि कागदाचा भिजून लगदा झालेला, त्यावर काय लिहिलं होतं ते आता वाचता येत नाही. तिला विचारलं तर म्हणाली, ते माझं आहे, तुला नाही सांगणार.